मोहरीची डावी उशी

दुपारचे दोन वाजले की विजयमालाबाई इंझोरीला फोन लावत. मोठी मुलगी मंजुषा तिथे दिलेली. फोनवर तिच्या आवाजामागे शिलाई मशीन चालू असे. बोलता बोलता ती पाय मारी, थांबे, दाताने दोरा तोडी, परत पाय मारी. कधी "आई, थांब जरा, बाही पलटवते" म्हणून फोन बाजूला ठेवी. तेव्हा नुसती मशीनच ऐकू येई, आणि विजयमालाबाई तेवढीसुद्धा कानाला लावून बसत. मशीन चालते आहे म्हणजे पोरगी ठीक आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

गेले नऊ दिवस मशीन ऐकू आली नव्हती.

मंजुषा फोन उचलत होती. जेवले, बरी आहे, हात दुखत नाही, अशी विचारलेल्याची सगळी उत्तरं देत होती. मागे मात्र सामसूम. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "मशीन बिघडली का गं?" तर ती म्हणाली, "नाही." पुढे काही नाही.

शेलूबाजारच्या घरात तेव्हा धाकट्या योगिनीच्या लग्नाची तयारी चालली होती. वैशाखातला मुहूर्त, नवरा मुलगा विनोद. अंगणात कुरडया वाळत होत्या, आणि विजयमालाबाईंच्या हातून एका घाण्यात मीठ दोनदा पडलं. नानाजी, त्यांचे यजमान, कुरडईचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "लग्नाची दगदग होऊन राह्यली तुले. थोळं बसत जाय." त्या हो म्हणाल्या. दगदग लग्नाची नव्हती. मशीन का थांबली याचा त्यांना संशय होता, आणि तो संशय कुठूनही सुरू केला तरी फिरून त्यांच्या स्वतःच्या दाराशीच येऊन उभा राहत होता.

मंजुषा लहानपणापासून हाताच्या कामात कसबी पोरगी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं. जावई लखन शेती करणारा, तूर-सोयाबीनवाला, बोलायला कमी पण माणूस चांगला. इंझोरीत गेल्यावर तिने मशीन घेतली आणि दोन वर्षांत अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्याकडे यायला लागले. माप घेताना ती बाईला बोलतं करी. कोणाची सून रुसली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं तिच्या टेपेबरोबर फिरत असे. "मी माप घेते त बायका श्वास सोडतात," ती हसून सांगे. "श्वास सोडला की मंग सगळंच सोडतात."

पस्तिसाव्या वर्षी तिने स्वतःचंच माप घेतलं. योगिनीच्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी नवा ब्लाऊज शिवायचा होता. टेप डावीकडून फिरवताना बोटाला काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याहून मोठं, हलत नव्हतं. लखनच्याही आधी तिने आईला सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं: स्तनाचा कर्करोग, डावा स्तन पूर्ण काढावा लागेल, वेळेत आलात.

वेळेत आलात, हे लखनने धरून ठेवलं. विजयमालाबाईंनी काय धरून ठेवलं? ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसल्या बसल्या, मुलगी आत भुलीखाली असताना, गावात काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं.

पिशवी. पिशवीचं ऑपरेशन झालं म्हणायचं.

यात त्यांची हुशारी होती आणि त्यांना त्या हुशारीचं तेव्हा समाधानही वाटलं. त्यांच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांची गर्भपिशवी निघालेली. पिशवी काढली म्हटलं की ऐकणारी बाई लगेच आपल्या पिशवीची गोष्ट काढते, मग तिच्या जावेच्या पिशवीची. दुसरा प्रश्न म्हणून कोणी विचारत नाही. मंजुषाचे केस गेले तेव्हा त्यांनी वरून टायफॉइड जोडला. योगिनीचं लग्न व्हायचं होतं. आईला नसला तरी सख्ख्या बहिणीला कर्करोग झाला होता म्हटल्यावर सोयरिकीला कोण येईल, हे त्यांचं कारण होतं, आणि कारण म्हणून ते बिनतोड होतं. लखन काही बोलला नाही. मंजुषाला विचारलंच नाही. ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या ऑपरेशनचं नाव बदललेलं होतं.

विजयमालाबाई अडाणी असत्या तर गोष्ट वेगळी. त्या कारंज्याच्या कॉलेजातून होम सायन्स घेऊन बी.ए. झालेल्या. महिला मंडळात दर आठ मार्चला स्त्रियांच्या आरोग्यावर त्याच बोलत. त्या वर्षीही बोलल्या. लोहाच्या गोळ्यांबद्दल.

आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा मंजुषाला न्हाऊ त्यांनीच घातलं. याच पोरीला पायांवर आडवी घेऊन त्यांनी वर्षभर न्हाऊ घातलेलं होतं. मोरीत पाट मांडला, पाणी काढलं, मंजुषाने टॉवेल बाजूला केला, आणि विजयमालाबाईंनी मान फिरवून बादलीत पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पाहतच राहिल्या. मंजुषाने पाटावर बसून घेतलं. मग म्हणाली, "पाणी लय गरम आहे का पाहून राह्यली का आई?"

त्या हो म्हणाल्या. मुलीने त्यांना सुटायला वाट करून दिली होती आणि त्याच वाटेने त्या सुटल्या होत्या.

पुढे किमो झाले, मग अकोल्यात पंचवीस दिवस रेडिएशनचा शेक. त्या दिवसांत लखन सोबत जाई. तिथल्या बाकावरच्या एका बाईचं मंजुषा फोनवर सांगे. शेलूबाजारपासून जीपने अर्ध्या तासावरच्या खेड्यातली बाई, भागिरथा नाव, शेतमजुरी करणारी. मंजुषाचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तर या बाईने तिला दवाखान्याच्या भिंतीवर बोटं चालवायला शिकवलं. "पालीवानी चढाचं ताई. आज या डागापर्यंत, उद्या त्याच्या वरती. पाल कधी म्हणते काय का माह्या खांदा दुखते म्हणून?" मंजुषा हे इतकं हसून सांगायची की विजयमालाबाईंना त्या न पाहिलेल्या बाईबद्दल बरं वाटायचं. भेटायला मात्र त्या कधी गेल्या नाहीत.

मंजुषा बरी झाली. केस आले, आधीपेक्षा कुरळे. मशीनवर बसायला लागली. आता ती ब्लाऊजबरोबर लहान बाळांसाठी मोहरीच्या उशाही शिवते, असं विजयमालाबाईंना ऐकून माहीत होतं. आपल्याकडे नव्या बाळाच्या डोक्याखाली मोहरी भरलेली उशी ठेवतातच, डोक्याला गोल आकार यावा म्हणून. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कुठून कुठून बायका तिच्याकडे येतात, बसतात, हेही माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही. ती स्वतः ब्लाऊजच्या आत डावीकडे काय ठेवते, हेसुद्धा त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

चैत्राच्या तोंडाशी मंजुषा एका दिवसासाठी शेलूबाजारला आली आणि जाताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी कपाटात ठेवून गेली. "एका बाईची उशी आहे, आई. बाजाराच्या दिवशी येईल न्यायला. देजो."

एवढंच म्हणाली. या घरात अर्धंच बोलायचं, हे तिला कोणी शिकवलं होतं ते वेगळं सांगायला नको.

शेजारच्या राखीला मुलगा झाला होता. बारशाला काय न्यावं याचा विचार विजयमालाबाईंनी ऐनवेळी केला, तेव्हा त्यांना कपाटातला कागद आठवला. उघडून पाहिलं तर मऊ जुन्या सुती कापडाची उशी, आत मोहरी सळसळणारी. आकार जरा निराळा, एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता, कडेला लाल दोऱ्याचे चार टाके. नजर लागू नये म्हणून घातले असतील, त्यांना वाटलं. त्या बाईला मंजुषा दुसरी शिवून देईल. त्यांनी उशी टोपड्याबरोबर ताटात ठेवली आणि बारशाला नेली.

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता फाटकाशी एक बाई उभी राहिली. चाळिशी ओलांडलेली, उंच, काटक. पदर डोक्यावरून घेऊन डाव्या खांद्यावरून पुढे आणलेला आणि छातीशी मुठीत धरलेला.

"मंजुषाताईची आई तुमीच न? मी भागिरथा. ताईनं उशी ठेवेल हाय म्हणे माह्यासाठी."

नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते विजयमालाबाईंना चटकन आठवलं नाही.

"हो हो. पण अहो, ती मी परवा दिली बघा. शेजारी बारसं होतं. मंजुषा देईल तुम्हाला दुसरी. तुमच्याकडे कोण, नात की नातू?"

बाई गोंधळली. "नातू?"

"उशी कोणासाठी पाहिजे, म्हटलं."

"लेकरासाठी नाई बाई. माह्यासाठीच." तिने मुठीतला पदर जरा दाबला. "ह्या बाजूची. ताईची अन् माही एकच बाजू हाय न. ताईनं सांगलं नाई काय तुमाले?"

तेवढ्याने विजयमालाबाईंना सगळं कळलं. निमुळता आकार, लाल टाके, मंजुषाचा ब्लाऊज, शेकाच्या बाकावरची ती भागिरथा, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, सगळं एका क्षणात. आणि त्याच क्षणी त्यांना हेही दिसलं की कुंपणापलीकडे राखीची सासू पापड उलटवते आहे, आणि तिचा हात एकाच पापडावर थांबलेला आहे.

"तुमचं काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. कुंपणापलीकडे नीट पोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "माझ्या मुलीचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. ती बाळांच्या उशा शिवते. दुसरं काही शिवत नाही."

भागिरथाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं. मग परत त्यांच्याकडे. तिला समजायला वेळ लागला नाही.

"बरं बाई," ती म्हणाली. "माह्यंच चुकलं असन."

ऊन डोक्यावर आलं होतं. बाई खेड्यातून आलेली, आणि त्यांनी तिला बसा म्हटलं नव्हतं, पाणी विचारलं नव्हतं. ती वळून रस्त्याला लागल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं. घाईत राहून गेलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण आपल्यातली कोणी बाई असती तर या घाईतही पाणी राहून गेलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. भागिरथा कोणत्या वस्तीतली हे त्यांनी तिच्या गळ्यातल्या निळ्या दोऱ्यातल्या पदकावरून पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. महिला मंडळात यावरही त्यांची भाषणं झालेली होती.

दुपारी फोनवर त्यांनी मंजुषाला सांगितलं, "ती बाई येऊन गेली. उशी मी राखीच्या बाळाला देऊन बसले होते, तर म्हटलं दुसरी मिळेल." त्यात खोटं काहीच नव्हतं. घडलं होतं ते फक्त सांगितलं नव्हतं. तेव्हा मागे मशीन चालू होती. चार दिवस ती चालू राहिली. पाचव्या दिवसापासून नाही.

लग्नाचा बस्ता काढायला म्हणून मंजुषा आली तो दिवस या नऊ दिवसांनंतरचा. कपड्याच्या दुकानातून परत येऊन तिघी मायलेकी ओसरीवर बसल्या होत्या. साड्यांचे खोके मध्ये. तेवढ्यात राखी बाळाला खांद्यावर टाकून आली. दुसऱ्या हातात उशी.

"ताई, तुमची उशी लय बेस हाय. बाळ दुसऱ्या कायवरच झोपत नाई. पण हिच्या मधात खळगा काहून नाई केला? डोकं घसरते न त्याचं. एकाच कुशीवर झोपून राह्यते."

मंजुषाने उशी हातात घेतली. कडेचे लाल टाके पाहिले. बाळाकडे पाहिलं. आणि तिला हसू आलं. थांबवता येईना असं. ओठ दाबून धरले तरी खांदे हलत होते.

"राखी," ती कशीबशी म्हणाली, "ही डावी हाय गं."

"डावी म्हणजे?"

मंजुषाचं हसू तिथे अडलं. तिने आईकडे पाहिलं. विजयमालाबाई साडीच्या खोक्यावरचं नाव वाचत होत्या.

"डाव्या कुशीची म्हणलं," मंजुषा म्हणाली. "खळग्याची दुसरी शिवून देते तुले. तोवर राहू दे."

राखी गेली. योगिनी उठली आणि बहिणीला पाणी आणून दिलं. मंजुषाने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि आईशी न बोलता तांब्याशीच बोलावं तशी बोलायला लागली.

"सुरुवातीले मी कापूसच भरत होती. पण कापूस हलका. वाकलं की गळ्याशी येते. एका अंगाले वजन अन् दुसऱ्या अंगाले नाही, त पाठ दुखते, चालणंही वाकडं होते. एक दिवस ट्रंकेत माह्या पोरीची तान्हेपणीची उशी सापडली, मोहरीची. तिच्यातली मूठभर मोहरी खाली भरली, वर कापूस. सरळ बसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पदर सोडून अंगणात गेली, आई. नुसती झाडायला. झाडून झालं तरी झाडतच राह्यली."

मग तिला शेकाच्या बाकावरच्या बायका आठवल्या. एकीला करून दिली, तिने दुसरीला पाठवलं. डावीला लाल दोरा, उजवीला निळा, घाईत चुकू नये म्हणून. कोणाला शंभर ग्रॅम लागते, कोणाला दोनशे. माप घ्यायला बायका पहिल्यांदा तयार नसतात. पाठ करून बसतात. मग मंजुषा आधी स्वतःची काढून हातात देते. "घे, पाह्य वजन करून." त्या हातात घेतात, दाबून पाहतात, एखादी म्हणते "याची फोडणी दे न बाप्पा," आणि मग हसतात, आणि मग फिरून बसतात.

"तुले वाटते मी औषधानं बरी झाली," मंजुषा म्हणाली. "औषधानं मी वाचली. बरी मी ह्या बायकांची मापं घेता घेता झाली. रोज झोपताना मले वाटायचं, ही गाठ मलेच काहून झाली. आता नाही वाटत. म्हणजे, आता तसंच वाटते कधी कधी, पण सकाळी कोणाचं तरी माप असते."

"मग थांबवलं कशाला?" विजयमालाबाईंनी विचारलं. विचारायला नको होतं हे विचारतानाच त्यांना कळत होतं.

"भागिरथाताई फोन उचलत नव्हती. चार दिवसांनी उचलला." मंजुषाने तांब्या फिरवून ठेवला. "तिची गोष्ट तुले माहीत नाही. हरभरा काढायले गेली होती, वाकली, त कापसाचा गोळा खाली पडला. एका बाईनं उचलून सगळ्यांपुढं विचारलं, हे काय व्हय म्हणून. तेव्हापासून ती कामावर जात नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पांढरं पातळ नेसून बायकांच्या पुढं चालायची ती, घोषणा तीच द्यायची. दोन वर्षं घराबाहेर निघाली नाही त्या दिवशी. म्हणे पांढऱ्या पातळात सगळं दिसते. मी तिच्या मागं लागली, की यंदा निंघ. लपू नको. मी देते तुले अशी शिवून, की पाहणाराले पत्ता लागणार नाही."

"मंजू..."

"त ती फोनवर म्हणाली, ताई, तू मले म्हणतं बाहीर निंघ. तुह्या मायच्या घरी त तूच लपेल हायस. मंग मले कायले शिकवतं?"

रस्त्यावरून एक काळीपिवळी जीप हॉर्न देत गेली.

"ती रागावली असती त बरं होतं," मंजुषा म्हणाली. "ती रागावली नाही. तिले माह्यीच कीव आली. आता कापड हातात घेतलं की तिचं बोलणं ऐकू येते. कोणत्या तोंडानं शिवू मी?"

विजयमालाबाईंच्या तोंडी तेच आलं जे दोन वर्षं तयार होतं. "योगिनीचं लग्न एकदा होऊन जाऊ दे. मी काय हौसेनं बोलले का? तिच्यासाठीच..."

"माझ्यावर नको टाकू, आई," योगिनी म्हणाली.

ती इतका वेळ साडीची घडी मोडून परत घालत होती.

"मी विनोदला साक्षगंधाच्या आधीच सांगितलं. त्यांच्या आईलाही माहीत आहे."

"काय सांगितलं?"

"जे झालं ते. ताईला स्तनाचा कर्करोग झाला होता म्हणून."

"मग?"

"मग काय. त्यांनी विचारलं, ताईंची तब्येत कशी आहे आता. त्यांची आई म्हणाली, तू पण दरवर्षी तपासून घेत जाय. एवढंच."

"अन् मला सांगितलं नाहीस?"

"तुले?" योगिनी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तू मलेच पहिले चार महिने पिशवी सांगत होती, आई. सख्ख्या बहिणीले. मले रिपोर्ट वाचून कळलं."

विजयमालाबाईंना वाटलं, कोणीतरी आपल्या हातातून काठी काढून घेतली. दोन वर्षं त्या कारणाला टेकून उभ्या होत्या, आणि ते कारण साक्षगंधाच्याही आधी संपलेलं होतं. मग बाजाराच्या दिवशी, कुंपणाकडे तोंड करून, त्या कोणासाठी खोटं बोलल्या? योगिनीसाठी नाही. मंजुषासाठी तर नाहीच. राखीच्या सासूने पापडावरून हात उचलून आपल्याकडे पाहू नये, एवढ्यासाठी. मुलीच्या अंगाकडे न पाहता ज्या नजरेने बादलीत पाहिलं होतं, त्याच नजरेने त्यांनी त्या बाईला दारातून परत पाठवलं होतं.

मंजुषाला पाचच्या जीपने निघायचं होतं. साडी सावरून ती उभी राहिली, तशी विजयमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, छातीकडे. दोन्ही बाजू सारख्या होत्या. शिवणाऱ्याचा हात फार चांगला होता. दोन वर्षांत हे त्यांनी मुलीला एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हटलं नाही.

"जयंतीला किती दिवस राहिले?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"तेवढ्यात एक होते शिवून?"

"एका रात्रीत होते. पण कोणाले शिवू?"

"तिचा नंबर दे मला."

मंजुषा थबकली. "आई, तिले आता अजून काही बोलू नको. पाया पडते तुह्या. झालं तेवढं पुरे."

हे ऐकण्याची वेळ आपल्यावर यावी, आणि ते बरोबर असावं. विजयमालाबाई खाली पाहून म्हणाल्या, "नाही बोलणार तसं. दे."

मंजुषाने लगेच दिला नाही. योगिनीने बहिणीच्या हातातून फोन घेतला, नंबर शोधला आणि आईच्या फोनमध्ये घालून दिला. नाव काय लिहू म्हणाली. विजयमालाबाई म्हणाल्या, "भागिरथाताई लिही."

जीप गेली. योगिनी खोके आत नेऊन ठेवायला लागली. नानाजी अजून शेतातून यायचे होते. पलीकडे राखीची सासू वाळलेले पापड डब्यात भरत होती. आत जाऊन, दार लोटून फोन करता आला असता, आणि विजयमालाबाई त्यासाठी उठल्याही. उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या आणि ओसरीवर, त्या दिवशी उभ्या होत्या तिथेच येऊन उभ्या राहिल्या. ज्या आवाजात तेव्हा बोलल्या होत्या त्याच आवाजात आता बोलायला हवं होतं. त्यापेक्षा हळू नाही.

बाई फोन उचलेल की नाही हे माहीत नव्हतं. उचलून काय म्हणेल हेही नाही. माफ करेल असं धरून चालण्याचा आपल्याला हक्क नाही, हे मात्र त्यांना चांगलं कळत होतं. पहिलं वाक्य काय म्हणायचं ते त्यांनी मनात म्हणून पाहिलं. मी मंजुषाची आई. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्या मुलीचा डावा स्तन काढलेला आहे. तिसरं वाक्य मनातसुद्धा अडखळत आलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. मग, तुम्ही आमच्या घरी या, बसा, तिला माप घेऊ द्या.

त्यांनी नंबर लावला आणि फोन कानाला धरला.